चार पुढे, सहा मागे

रिकामा पिकअप बाजूनं बघितला की त्याची मागची बाजू चढी दिसते. १९७२ सालची शेवरोले सी-टेन सपाट जमिनीवर उभी असली तरी पुढे झुकल्यासारखी वाटते. हा बिघाड नव्हे. हौद्यात माल पडला की मागची बाजू बसावी आणि गाडी सरळ व्हावी, हे धरूनच कारखान्यानं तिला मागून उंची दिलेली असते. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक सी-टेनच्या हौद्यात तो माल आता कधीच पडणार नसतो. पन्नास वर्षं राबून झालेल्या असतात. आता मालकाला ती फक्त चालवायची असते, आणि सरळ, जमिनीलगत, ऐटीत चालवायची असते.

मी सदर्न कॅलिफोर्नियात, सॅन बर्नार्डिनोजवळ, सस्पेन्शनच्या एका गॅरेजात काम करतो. गाड्या खाली बसवणं हे आमचं मुख्य काम. इथे हिशेब इंचात करतात : पुढून किती, मागून किती. सी-टेनवाल्यांचा लाडका आकडा ‘फोर-सिक्स’, म्हणजे पुढून चार इंच, मागून सहा. मागून दोन जास्त, कारण तो झुकाव मोडायचा असतो.

माझा हात तयार झाला तो मात्र अगदी उलट्या कामावर. कोल्हापूरला, शिरोलीत हायवेलगत, काकांची ट्रकच्या पाट्यांची, म्हणजे लीफ स्प्रिंगांची, शेड होती. उसाचा हंगाम तोंडावर आला की ट्रक रांगेनं यायचे आणि प्रत्येक मालकाचं एकच म्हणणं असायचं : जादा पाटा टाका, गाडी उचला. यू-बोल्ट सोडवायचे, सेंटर बोल्ट काढायचा, पाटे सुटे करायचे, चपटा झालेला पाटा भट्टीत लाल करून ठोकून त्याला पुन्हा कमान द्यायची. काका कामाला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारायचे, “किती भरणार?” मालक नेहमी कमी सांगायचा. काका त्याच्याकडे बघत राहायचे, मग तो खरा आकडा सांगायचा. उंची ही हौसेची गोष्ट नाही, ती भारातून निघते, हे मला तिथे कळलं. इथे आल्यावर काम उलटं झालं, पण प्रश्न तोच राहिला. गाडी खाली घ्यायला येणाऱ्याला मी पहिल्यांदा तेच विचारतो. फरक इतकाच की इथले लोक ‘काहीच नाही’ म्हणतात, आणि तेही खरं नसतं.

ज्या गाडीबद्दल लिहितोय तिचे मालक सत्तरी ओलांडलेले मेक्सिकन-अमेरिकन गृहस्थ. मला ‘मिहो’ म्हणतात, म्हणजे बाळा. वडील रेडलँड्सच्या संत्र्यांच्या बागांत कामाला होते. गाडी त्यांनीच नवी घेतलेली. शिड्या, पेट्या, खताची पोती, घरातली माणसं, सगळं तिच्या हौद्यातून गेलेलं. लांब हौद्याची गाडी, सहा सिलिंडरचं इंजिन, पेट्रोलची टाकी त्या काळच्या पद्धतीप्रमाणे केबिनमध्ये सीटच्या मागे. तरुणपणी मालकांना ही गाडी खाली घ्यायची होती. वडिलांनी साफ नाही म्हटलं. गाडी कामाची आहे, आणि खाली घेतली तर पोलीस पकडतील, ही दोन कारणं. दोन्ही खरी होती.

कॅलिफोर्नियात १९५८ पासून तसा कायदाच होता, वाहन संहितेचं कलम २४००८. मूळ रचनेत बदल करून गाडी खाली घेतली असेल तर तिचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा जमिनीच्या जवळ येता कामा नये. कायदा सर्वांना सारखा लिहिलेला असला तरी त्याचा बडगा कोणाच्या डोक्यात बसायचा ते इथे कुणालाही विचारा. खाली बसवलेल्या गाड्या संथपणे, रांगेनं, रंग मिरवत रस्त्यावरून न्यायच्या ही पूर्व लॉस एंजेलिसच्या व्हिटियर बुलेव्हार्डवरची आणि आसपासच्या गावांची चिकानो, म्हणजे मेक्सिकन-अमेरिकन, लोकांची परंपरा. आमचे हे मालक सांगतात, त्यांच्या मित्राच्या इम्पालापाशी पोलीस गुडघ्यावर बसून रिमची कड मोजत असे. यातूनच वाटा निघाल्या. आमच्याच सॅन बर्नार्डिनो भागातल्या रॉन अगीरे या तरुणानं १९५९ मध्ये आपल्या ‘एक्स-सोनिक’ कॉर्व्हेटला हायड्रॉलिक पंप आणि सिलिंडर बसवले. पोलीस दिसला की गाडी वर, गेला की खाली. लोरायडर, म्हणजे अशी खाली बसवलेली गाडी, म्हटल्यावर जगाला आज ज्या उड्या मारणाऱ्या गाड्या आठवतात, त्यांचं मूळ या मोजपट्टीच्या भीतीत आहे. पुढे कित्येक शहरांनी अशा फेऱ्यांवरच बंदी घातली. २०२३ मध्ये राज्यानं नवा कायदा केला आणि १ जानेवारी २०२४ पासून शहरांच्या बंद्याही गेल्या, रिमच्या कडेचा तो नियमही गेला.

म्हणून आमचे हे मालक आले होते. वडील नाहीत, कायदा नाही. “आता किती खाली जाता येईल?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “सेन्योर, आधी हे सांगा, हौद्यात काय असेल?” दोन घडीच्या खुर्च्या, बर्फाची पेटी, नातीची सायकल. कधी तरी बागेची माती. मातीची पोती किती? ते थांबले, मग म्हणाले, चार-पाच. मी लिहून घेतलं.

किती खाली, याचं माझं उत्तर तो रद्द झालेला कायदाच देतो. पोलिसाच्या हातात तो जाच होता, पण त्यातलं माप यंत्रशास्त्राच्या दृष्टीनं बरोबर आहे. टायर फुटला की गाडी रिमवर येते. त्या वेळी क्रॉसमेंबर, शॉकअपचा ब्रॅकेट किंवा यू-बोल्टचं टोक रिमच्या खाली असेल तर गाडी चाकावर न राहता त्या तुकड्यावर येईल, आणि ताशी साठ मैलांनी जाताना असा तुकडा रस्त्यात रुतला की स्टिअरिंग हातात उरत नाही. त्यामुळे काम संपलं की आम्ही एका रिमच्या तळापासून दुसऱ्या रिमच्या तळापर्यंत दोरी ताणतो, पुढून मागे आणि तिरकीसुद्धा. दोरीला काहीही टेकता कामा नये. चार-सहावर सी-टेन ही परीक्षा पार करते. त्याच्याखाली ती एअरबॅगवरच, म्हणजे स्प्रिंगच्या जागी बसणाऱ्या हवेच्या पिशव्यांवरच, जावी असं माझं मत आहे, आणि त्यांना एअरबॅग नको होत्या. टाक्या, कॉम्प्रेसर, बटणं नकोत, गाडी जिथे आहे तिथे राहू दे, म्हणाले.

सुरुवात मोजण्यानं. चारही टायरांत सारखी हवा, मग चाकाच्या मधोमधपासून वर फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर, चारही कोपऱ्यांत. आकडे मास्किंग टेपवर लिहून तिथेच फेंडरला चिकटवतो. ड्रायव्हरची बाजू अर्धा इंच खाली निघाली. बहुतेक जुन्या गाड्यांत निघते, तिकडची स्प्रिंग आयुष्यभर माणसाला घेऊन बसलेली असते.

पुढच्या बाजूला वर एक आर्म, खाली एक आर्म, दोघांच्या मध्ये उभा स्पिंडल, आणि खालच्या आर्मवर बसलेली जाड कॉइल स्प्रिंग. स्वस्तातला मार्ग म्हणजे स्प्रिंगचे वेढे कापणे. गल्लोगल्ली होतं ते. मी करत नाही, कारण साधं आहे. स्प्रिंगचा ताठपणा वेढ्यांच्या संख्येच्या उलट प्रमाणात बदलतो. दहा कामाच्या वेढ्यांतले दोन कापले की उरलेली स्प्रिंग सव्वापट कडक होते. गाडी खाली येते आणि वर दणकेही जास्त बसतात. त्याहून वाईट म्हणजे गॅसकटरची ज्योत धरून स्प्रिंग ‘बसवणे’. भट्टीतून काढलेला पाटा तेलात बुडवून पुन्हा मंद आचेवर शेकल्याशिवाय काका तो गाडीला लावू देत नसत. पाणी उतरलेलं पोलाद स्प्रिंग राहत नाही, लोखंडाचा वेढा होतो, आणि तो पुढच्या महिन्यात आणखी बसतो, दोन बाजूंना वेगवेगळा.

ड्रॉप स्पिंडलची कल्पना फार सुंदर आहे. स्प्रिंगला हात न लावता चाकाचा आस स्पिंडलवर अडीच इंच वर सरकवलेला असतो. चाक जमिनीवरच राहणार, म्हणजे बाकीची सगळी गाडी अडीच इंच खाली. दोन्ही आर्मचे कोन, टाय रॉडचा कोन, स्प्रिंगची हालचाल, सगळं कारखान्यानं ठेवलं होतं तसंच. उरलेला दीड इंच आम्ही ठरवून बनवलेल्या कमी उंचीच्या स्प्रिंगमधून घेतला. तेवढ्यात कोन हलतात, पण आवाक्यात राहतात.

या कामात भीती बाळगण्यासारखी एकच जागा आहे आणि तिच्याबद्दल मी नव्या पोरांना रोज सांगतो. गाडी घोड्यांवर, म्हणजे जॅक स्टँडांवर, चढवलेली, चाक उतरवलेलं, ब्रेकचा कॅलिपर तारेनं वर टांगलेला, होजवर लोंबकळू द्यायचा नाही. आता ती स्प्रिंग गाडीच्या वजनानं दाबून बसलेली नाही, पण दोन आर्म तिला अजून दाबून धरून आहेत, आणि ते दोघं एकमेकांना बांधलेले आहेत फक्त बॉल जॉइंटनं. खालच्या आर्मखाली जॅक घट्ट टेकवायचा. स्प्रिंगच्या आतून साखळी ओवून आर्मला बांधायची. बॉल जॉइंटची पिन काढायची, नट सोडायचा, पण पूर्ण नाही, दोन-तीन आटे धरून ठेवायचे. मग स्पिंडलच्या ज्या भोकात जॉइंटचा निमुळता दांडा बसलाय, त्या भोकाच्या कडेवर आडव्या बाजूनं हातोडा. दांड्यावर नाही, नटावर नाही. पन्नास वर्षांचा गंज असतो, पहिल्या घावांना काही होत नाही. मग एकदम ‘ठण्ण’ असा आवाज येतो आणि स्पिंडल नटावर येऊन थांबतो. ते आटे ठेवले नसते आणि जॅक सरकला असता तर तो आर्म थेट खाली आला असता. यानंतर नट काढायचा आणि जॅकचा व्हॉल्व्ह केसभर उघडायचा. आर्म हळूहळू खाली येतो, स्प्रिंग कुरकुरते, लांबते, आणि एका क्षणी सैल होऊन साखळीत डोलायला लागते. तेव्हाच हात आत घालायचा. त्या स्प्रिंगच्या तळाच्या वेढ्यात सुकलेली बारीक लाल माती भरली होती. मालकांनी ती बोटानं काढून बघितली आणि म्हणाले, ही बागेतली.

मागची बाजू मला जास्त आवडते. त्या काळच्या सी-टेनला मागे सहसा पाटे नसतात. पिकअपला हे नवलच. त्याऐवजी केबिनखालच्या क्रॉसमेंबरपासून एक्सलपर्यंत साधारण चार फूट लांबीचे दोन ट्रेलिंग आर्म जातात, त्यांच्या जोडीला कॉइल स्प्रिंगा. रचना इतकी पक्की की नासकार शर्यतीच्या गाड्यांनी तीच उचलली, तिला नावही ‘ट्रक आर्म’ असंच राहिलं, आणि २०२२ मध्ये त्यांच्या मुख्य मालिकेत नवी गाडी येईपर्यंत ताशी दोनशे मैलांच्या आसपास जाणारी यंत्रं शेतमालाच्या पिकअपच्या मागच्या सस्पेन्शनवर धावत होती. १९७३ च्या नव्या सी-टेनला शेवरोलेनं मात्र मागे पाटे दिले.

इथे सहा इंच खाली यायचं म्हणजे तीन हिशेब पुन्हा मांडावे लागतात.

पहिला, एक्सल सरळ वर जात नाही, आर्मच्या पुढच्या टोकाभोवती फिरत जातो. चार फुटांच्या आर्मचं मागचं टोक सहा इंच वर गेलं की आर्म सुमारे सात अंश फिरतो आणि त्याला घट्ट जखडलेला एक्सलही तेवढाच फिरतो. डिफरन्शियलचं नाक खाली झुकतं. डिफरन्शियलपर्यंत येणाऱ्या शाफ्टच्या क्रॉसचे, म्हणजे सांध्यांचे, कोन बिघडले की पन्नास मैलांच्या वर गाडी सीटखालून थरथरायला लागते आणि क्रॉस लवकर झिजतात. लांब हौद्याच्या गाडीत शाफ्ट दोन तुकड्यांचा, मध्ये बेअरिंग, म्हणजे सांभाळायचा आणखी एक सांधा. आम्ही एक्सल आणि आर्म यांच्यामध्ये पोलादी पाचरी घालतो आणि कोनमापक लावून बघत बघत नाक पुन्हा वर आणतो.

दुसरा हिशेब आडव्या दांड्याचा, ज्याला ट्रॅक बार म्हणतात. त्याचं एक टोक चासीला, दुसरं एक्सलला. एक्सलला डावी-उजवीकडे जाऊ न देणं एवढंच त्याचं काम. पण बिजागरीवरचं दार जसं सरळ रेषेत सरकत नाही, कमानीत फिरतं, तसा तोही फिरतो. गाडी खाली आली की एक्सल एका बाजूला ढकलला जातो. मागून बघितलं तर एक चाक फेंडरच्या आत आणि दुसरं बाहेर डोकावतंय असं दिसतं. खाली घेतलेल्या कितीतरी सी-टेन अशाच फिरतात आणि बघणाऱ्याला काही तरी खुपतं पण काय ते कळत नाही. लांबी कमी-जास्त करता येणारा बार लावला की एक्सल मधोमध येतो. दोन्ही बाजूंना टेप लावून तो सारखा होईपर्यंत मी गाडी सोडत नाही.

तिसरा हिशेब चासीचा. एक्सल सहा इंच वर आला की त्याच्या आणि चासीच्या मध्ये जेमतेम जागा उरते. पहिल्याच खड्ड्यात लोखंडावर लोखंड. म्हणून एक्सलच्या वर चासीच्या तळातून अर्धगोल तुकडा कापतात आणि तिथे त्याच आकाराची जाड मजबुतीची प्लेट बसवतात. कापलेली कड गोलच हवी, कोपरा राहिला तर तडा तिथूनच सुरू होतो. हौदा उतरवला होता, चासी घासून स्वच्छ केली होती, खडूची रेघ ओढली होती. ग्राइंडर हातात घेतला तेव्हा मालक जवळ येऊन उभे राहिले. त्यांनी विचारलं, “मिहो, हे झाल्यावर ती पुन्हा ट्रक होईल?”

हा प्रश्न मला योग्य वाटला, म्हणून मी ग्राइंडर खाली ठेवून नीट उत्तर दिलं. प्लेट बसल्यावर चासी कमजोर राहणार नाही. काढलेल्या चारही स्प्रिंगा, स्पिंडल, जुना बार, सगळं आम्ही नावनिशाणी लावून पेटीत भरून देतो. उद्या नातीला उंच गाडी हवी असली तर ते सगळं जसंच्या तसं चढेल. पण कापलेली पट्टी परत येणार नाही. ते थोडा वेळ गाडीभोवती फिरले, बायकोला फोन लावून स्पॅनिशमध्ये बोलले, आणि परत येऊन म्हणाले, काप. पडलेले दोन अर्धचंद्र त्यांनी गार झाल्यावर फडक्यात गुंडाळून घेतले.

खाली घेतलेल्या गाड्यांना नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. कामाची गाडी निकामी केली, म्हणतात. मला हे पटत नाही. राबून झालेल्या वस्तूला सुंदर दिसण्याचा हक्क असतो, आणि ज्या लोकांना वर्षानुवर्षं त्याच सुंदर दिसण्यासाठी रस्त्यात उभं केलं गेलं त्यांना तर तो अधिकच आहे. माझी अट एवढीच, की उंची उतरवताना तिच्याबरोबर बांधलेलं बाकी सगळं पुन्हा जुळवून द्यायचं. बाजूनं काढलेल्या फोटोत कापलेल्या स्प्रिंगांची गाडी आणि ही गाडी ओळखू येणार नाहीत. फ्रीवेच्या वळणावर, सांध्यावरून जाताना, ओळखू येतात.

नव्या स्प्रिंगा काही शे मैल चालल्यावर थोड्या बसतात, म्हणून अलाइनमेंट दोनदा करतो. पहिली, गाडी रस्त्यावर नेण्यापुरती. दुसरी खरी. पुढच्या वरच्या आर्मचा शाफ्ट चासीला दोन बोल्टांनी धरलेला असतो आणि त्यामागे पातळ शिम असतात. दोन्ही बोल्टांवर सारख्या शिम वाढवल्या-काढल्या तर चाकाचा आत-बाहेर कल बदलतो, एकावर जास्त दुसऱ्यावर कमी केल्या तर स्टिअरिंग सरळ परत येण्याचा गुण बदलतो. मिलिमीटरभर पत्र्याचा खेळ, पण टायर दोन वर्षं टिकणार की सहा महिने, ते त्यावर ठरतं. सी-टेनच्या केबिनमध्ये ड्रायव्हर बसवूनच मी हे करतो. मालक स्वतः बसले होते, रेडिओ लावून.

दुसऱ्या वेळी आले तेव्हा सगळे आकडे पुन्हा घेतले. ड्रायव्हरच्या बाजूचा तो अर्धा इंच गेला होता. दोरी ताणली, कुठेही टेकली नाही. मग हौद्यात साठ पौंडी वाळूची पोती एकेक करून टाकली आणि प्रत्येक पोत्यानंतर एक्सल आणि रबरी बंपस्टॉपमधलं अंतर मोजलं. सहाव्या पोत्यानंतर, खड्डा पचवायला जेवढी जागा हवी असं मी मानतो तेवढीच उरली. एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं : हौद्यात ३६० पौंड, त्याच्यावर नाही. तो त्यांच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवला.

त्यांनी तो काढून वाचला आणि मातीच्या पोत्यांचा हिशेब तिथेच केला. मग म्हणाले, मेहुण्याचं घर बदलायचंय, फ्रिज नेता येईल का? फ्रिज किती पौंडांचा, मी विचारलं. त्यांना माहीत नव्हतं. मी म्हटलं, वजन शोधून फोन करा, आणि फ्रिज चालला तरी त्याच खेपेला वॉशिंग मशीन चढवू नका.